गुरांच्या अंगावरील उवांचे निर्मूलन

माळव्यातील थंडी रब्बीच्या पिकांना मानवते, परंतु गोठ्यातील जनावरांसाठी हेच दिवस उवांच्या उपद्रवाचे असतात. या काळात जनावरांचे केस दाट होतात व गुरे जवळजवळ बांधली जातात. त्यामुळे उवांचा प्रसार एका जनावराकडून दुसऱ्याकडे सहज होतो. इंदूर परिसरातील माळवी गायीबैल व म्हशी, आणि विशेषतः वासरे व पारडी यांना त्यांचा अधिक त्रास होतो.

काही जातींच्या उवा रक्त शोषतात, तर काही त्वचेवरील कोंडा खातात. जनावर सारखे अंग घासू लागते, केस झडतात व दूध घटते. रक्त शोषणाऱ्या उवा फार वाढल्यास वासराच्या हिरड्या फिक्या पडतात आणि अशक्त वासरू दगावण्याचाही संभव असतो.

औषध लावूनही उवा पुन्हा होतात, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तिचे कारण लिखांत आहे. केसांना घट्ट चिकटलेल्या या अंड्यांवर बहुतेक कीटकनाशकांचा परिणाम होत नाही. साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत त्यांतून पिले बाहेर पडतात. ही पिले मोठी होऊन अंडी घालण्यापूर्वीच, म्हणजे सुमारे १४ दिवसांनी, औषध दुसऱ्यांदा लावणे आवश्यक असते. गोठ्यातील सर्व जनावरांवर एकाच दिवशी उपचार करावा; एक जरी वगळले, तरी श्रम व्यर्थ जातात.

पूर्वी याकामी बी.एच.सी. भुकटी सर्रास वापरीत. ती शरीरातील चरबीत साठून दुधात उतरते. भारतात १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे. घरात जुना साठा असल्यास तो मुळीच वापरू नये. सध्या डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधे उपलब्ध आहेत. मात्र जनावरांसाठी तयार केलेलेच औषध घ्यावे, पिकांवरील नव्हे. त्याचे प्रमाण, तसेच दूध किती दिवस वापरू नये, हे पशुवैद्यकास विचारून ठरवावे.

औषध लावताना हातमोजे घालावेत व जनावराचे डोळे, तोंड आणि जखमा सांभाळाव्यात. अंग वाळेपर्यंत त्यास चाटू देऊ नये. ही औषधे माशांना अत्यंत घातक असल्याने भांडी नदीत किंवा तळ्यात धुऊ नयेत.

इंदूरजवळ महू येथे १९५५ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तेथील किंवा जवळच्या पशुचिकित्सालयातील तज्ज्ञांचा सल्ला पशुपालकांनी अवश्य घ्यावा. शिक्षकांनी भिंगाखाली लिखा दाखविल्यास दुसऱ्या उपचाराचे महत्त्व विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचेल.