मोहफुले आणि पाटी

फाल्गुन सरत आला, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात मोह फुलू लागतो. मोहाचे फूल झाडावर टिकत नाही. रात्री उमलून ते पहाटे टपटप खाली गळते. उन्हे चढण्यापूर्वी ते वेचावे लागते. नाहीतर गुरे आणि हरणे ते खाऊन टाकतात. त्या गोड वासाने कधी अस्वलही येते. म्हणून तांबडे फुटताच घरातील सारी माणसे टोपल्या घेऊन निघतात, आणि त्यांत लहान मुलेही असतात. वाळविलेली फुले पुढे घरात उपयोगी पडतात, किंवा ती विकून तेल-मीठ आणता येते.

हे काम दिसावयास गमतीचे दिसते. परंतु शाळेच्या वार्षिक परीक्षेचे दिवसही जवळपास हेच. मोह संपतो न संपतो, तोच तेंदूच्या पानांचा हंगाम येतो. पाने तोडून आणावी, सावलीत बसून जुळवावी आणि सत्तर-सत्तर पानांचा एकेक पुडा बांधून फळीवर न्यावा. हीच पाने विड्या वळण्यास जातात. शाळेचे तोंड न पाहिलेली मुलगीही बोटांवर न चुकता सत्तर पाने मोजते. मात्र सत्तराचा आकडा कसा लिहितात, हे तिला ठाऊक नसते. पुढे पावसाळ्यात धानाची रोवणी लागते. आईबाप बांधीत उतरले, म्हणजे धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी राहणे थोरल्या बहिणीच्या वाट्यास येते. तिला कोणी मजूर म्हणत नाही, तिला मजुरीही मिळत नाही; वर्ष मात्र बुडते.

ही अडचण आजची नव्हे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अशी त्यांची मागणी होती. परंतु नुसत्या सक्तीने काम भागणार नाही, हेही ते जाणून होते. गरीब कुणब्याला गुरे राखण्यास व शेत सांभाळण्यास मुलांचे हात लागतात. म्हणून अशा मुलांस शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असे त्यांनी सुचविले.

पुढे सुमारे नव्वद वर्षांनी तोच प्रश्न भामरागडच्या रानात उभा राहिला. गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे. तेथे हेमलकसा येथे १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे हे दांपत्य तेथे राहावयास गेले. प्रथम दवाखाना उघडला. शाळा १९७६ साली सुरू झाली. शाळेची गरज डोळ्यांसमोर होती. माडिया लोकांनी चारोळीसारखा मोलाचा माल द्यावा आणि व्यापाऱ्याने बदल्यात मीठ द्यावे, असा व्यवहार चाले. ज्याला वजन आणि हिशेब कळत नाही, तो तक्रार तरी कशी करणार?

तरीही मुले मिळेनात. मुलांची बोली माडिया, पुस्तके मराठी. आईबापांना वाटे, मूल शाळेत गेले तर घरचे काम कोणी करावे? आलेली मुलेही रानाच्या ओढीने पळून गावी जात. आमटे दांपत्याने माडिया शिकून घेतली, आणि आपली स्वतःची मुलेही त्याच शाळेत घातली. दवाखान्यात जडलेला विश्वास या कामी फार उपयोगी पडला. कालांतराने याच शाळेतून शिक्षक आणि डॉक्टरही तयार झाले.

आता कायदाही मुलांच्या बाजूस आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण मिळाले. बालकामगार कायदा १९८६ सालचा. २०१६ साली त्यात दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास मनाई झाली. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्यांना हातभार लावण्याची मुभा आहे. तेव्हा मोह वेचणारे मूल घंटेच्या वेळी वर्गात आहे की रानात, यावरच सारे अवलंबून असते. आणि विदर्भात त्या दिवसांत उन्हाच्या तापामुळे शाळा सकाळी भरते, म्हणजे मोह वेचण्याच्याच वेळी.