हरलेला डाव पुन्हा मांडताना

गेल्या हिवाळ्यातील एका रात्री अभ्यासिका बंद झाल्यावर मी मोबाइलवर बुद्धिबळाचा एक ऑनलाइन डाव खेळलो आणि दहा चालींत मात खाल्ली. प्रतिस्पर्धी कोण, कुठला, काहीच ठाऊक नव्हते. हरल्याबरोबर मी दुसरा डाव लावला, तो हरलो; मग तिसरा. झोपेपर्यंत चार डाव गेले होते आणि पहिल्या डावात नेमके काय घडले, हे मला सांगता आले नसते.

ही कबुली देण्यास कारण आहे. त्याच आठवड्यात आपल्या आठवीतील एका विद्यार्थ्याने स्पर्धेत हरल्यावर डावाच्या नोंदीचा कागद फाडून टाकला होता. मी त्याला चांगलेच सुनावले होते. आपण सांगली जिल्ह्यातील माणसे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाद्वारे या खेळाची पिढ्यान्‌पिढ्या जोपासना केली, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच सांगलीच्या, आणि तू हरलेला डाव फाडतोस? असे बरेच काही बोललो. मी स्वतः मात कागद न फाडता तेच केले होते. एका डावावर दुसरा डाव टाकून पहिला झाकला, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी त्यालाच बोलावून पट मांडला. ऑनलाइन डाव पुसता येत नाही, हे त्याचे बरे आहे. प्रत्येक चाल तर राहतेच, शिवाय त्या चालीस किती वेळ लागला, तेही राहते.

डाव असा होता. मी काळी मोहरी घेऊन खेळत होतो. दोन्ही बाजूंनी राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, माझा सी६ वर. त्याचा उंट सी४ वर, माझा दुसरा घोडा एफ६ वर. चौथ्या चालीस त्याने घोडा जी५ वर आणला. आता उंट आणि घोडा हे दोघेही माझ्या एफ७ वरील प्याद्यावर रोखलेले होते आणि त्या प्याद्याला राखणारा राजाखेरीज कोणी नव्हता. मी डी५ वर प्यादे ढकलून उंटाची वाट अडवली. ही चाल योग्यच. त्याने ते प्यादे खाल्ले, मी एफ६ वरील घोड्याने त्याचे खाल्ले. मग त्याने घोडा थेट एफ७ वर टाकला. तेथून तो माझा वजीर आणि हत्ती दोन्ही मारत होता. मी राजाने तो घोडा खाल्ला. त्याच्या वजिराने एफ३ वरून शह दिला. मी राजा जी८ वर, आपल्या प्याद्यांच्या आड, परत नेला. उंटाने डी५ वरील घोडा खाऊन शह, माझ्या वजिराने उंट खाल्ला, त्याच्या वजिराने माझा वजीर खाऊन पुन्हा शह. मी उंट ई६ वर आडवा घातला, तो वजिराने खाल्ला आणि मात झाली.

“सर, तुम्ही कुठे चुकलात?” विद्यार्थ्याने विचारले. मी तत्काळ म्हणालो, “राजा मागे नेला तिथे.”

हे खरेच होते. राजा ई६ वर, पटाच्या मध्यभागी, उघड्यावर न्यायला हवा होता. तेथून तो डी५ वरील घोड्याला राखतो. सुरक्षित वाटणाऱ्या घरी परतणे हेच मरण ठरले. आम्ही ती चाल लावून पाहिली. पांढरा दुसरा घोडा सी३ वर आणून डी५ वर आणखी जोर लावतो. मग काळ्याने सी६ वरील घोडा बी४ किंवा ई७ वर नेऊन तग धरायचा. पारडे पांढऱ्याचेच जड, पण डाव जिवंत राहतो.

पोराचे समाधान झाले नाही. “पण राजाला उघड्यावर आणलं कुणी?”

मग आम्ही मागे सरकलो. तासगावच्या द्राक्ष बागाईतदाराला हे समजावण्याची गरज नाही. वेलीवर घड कमी दिसतात ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. पण काडीत घड तयार होण्याचे काम एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या दिवसांत झालेले असते. तेथे पाणी, ऊन, विरळणी यांत काही बिघडले, तर पुढे कितीही फवारण्या केल्या तरी न बनलेला घड येत नाही. दुखते एका महिन्यात, चुकलेले असते दुसऱ्याच महिन्यात.

माझा एप्रिल पाचव्या चालीत होता. त्याने प्यादे खाल्ले म्हणून मी खाल्ले. तेथे घोडा सी६ वरून ए५ वर नेऊन उंटावर हल्ला करणे ही मान्यताप्राप्त चाल आहे. एक प्यादे जाते, पण मोहरी लवकर बाहेर येतात आणि एफ७ वर काही घडत नाही. मी खेळलेल्या चालीवरचा घोड्याचा बळी चारशे वर्षांपूर्वी इटलीतील पोलेरिओच्या डावांतही आढळतो. इंग्रजीतील त्याचे नाव ‘फ्राइड लिव्हर’, म्हणजे तळलेली कलेजी, हे ऐकून विद्यार्थी इतका हसला की काही वेळ अभ्यास थांबला.

त्यानंतर वेळेचे आकडे पाहिले आणि हसणे थांबले. राजा मागे नेताना मी अठ्ठेचाळीस सेकंद विचार केला होता. पाचव्या चालीस दोन सेकंद. दहा मिनिटांच्या डावात घड्याळात वेळ भरपूर होता. तो मी निर्णयाच्या जागी न वापरता दुखण्याच्या जागी वापरला. घेतले की परत घ्यायचे, एवढीच सवय त्या दोन सेकंदांत खेळली.

संगणक ही पाचवी चाल क्षणात दाखवतो. लिचेससारख्या विनामूल्य संकेतस्थळावर एक कळ दाबली की स्टॉकफिश प्रत्येक चालीपुढे आकडा मांडतो. तरीही मी मुलांना तो आधी पाहू देत नाही. चाल चुकली, हे तो सांगतो. ती तुम्हाला बरोबर का वाटली, हे त्याला ठाऊक नसते, आणि पुढच्या डावात परत येते ते हे ‘का’. म्हणून आधी पट, मग वहीत स्वतःच्या शब्दांत दोन ओळी, मग संगणक. विश्वविजेता बोत्विनिक खेळाडूंना स्वतःच्या डावांचे विश्लेषण करून ते छापण्यास सांगत असे, म्हणजे इतरांना त्यातील चुका काढता येतील. छापण्याचे धैर्य मला या स्मरणिकेने दिले, असे म्हणावे लागेल.

समोरासमोरच्या डावानंतर प्रतिस्पर्ध्याबरोबर बसून चाली परतून पाहण्याची चांगली रीत आहे. ऑनलाइन डावात समोरचा निघून गेलेला असतो, ती खुर्ची कोणीतरी भरावी लागते. माझ्यासाठी ती या मुलाने भरली.

त्याच संध्याकाळी तो कोरा कागद घेऊन आला आणि फाडलेला डाव आठवून लिहू लागला. तेरा चाली त्याला बिनचूक आठवल्या. चौदाव्या चालीस आपण हत्ती हलवला की प्यादे, याबद्दल तो अडला. प्यादे हलवले असते तर हरलोच नसतो, असे त्याचे म्हणणे. पट माझ्या खोलीत तसाच मांडलेला आहे.