आधी गच्ची, मग पॅनेल

मी पेणची आणि दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे शुद्धलेखनाला हसू नका! आमच्या पेणला ऊन म्हणजे गणपतीच्या मूर्ती वाळवायचं साधन. त्याच उन्हातून वीज काढायचा प्रश्न मला पडला तो रोह्याला, मामाच्या बिल्डिंगमध्ये.

तीन मजले, सहा फ्लॅट. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा गच्चीवरचे पत्रे उडाले आणि वीज कित्येक दिवस नव्हती. पंप बंद, म्हणून मामा तिसऱ्या मजल्यावर आजीसाठी बादल्या वाहत होता. गेल्या वर्षी सोसायटीत सोलरचा विषय निघाला. मामाने विचारलं, "इंजिनीअर बाई, पॅनेल कुठलं घेऊ?" मी म्हटलं, आधी गच्ची बघू.

पहिली गोष्ट सावली. नाताळच्या सुट्टीत आम्ही सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता टाकीच्या सावलीभोवती खडूने रेघा मारल्या. त्या दिवसांत रोह्याला सूर्य भर दुपारीही जेमतेम 48 अंशांवर येतो, म्हणून सावली लांब पडते. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली आली की सगळ्या माळेची वीज घटू शकते. रेघांबाहेर 300 चौरस फूट जागा उरली. एका किलोवॉटला साधारण 100 लागते, म्हणजे 3 किलोवॉट. वर्षाची सरासरी धरली तर रोज सुमारे 12 युनिट. पावसाळ्यात बरीच कमी.

दुसरी गोष्ट वारा. वाऱ्याचा दाब = 0.6 × वेगाचा वर्ग. निसर्गचा वेग ताशी 110 किलोमीटर धरला, म्हणजे सेकंदाला 30.6 मीटर, तर दर चौरस मीटरला 560 न्यूटन. 540 वॉटचं पॅनेल असतं 2.6 चौरस मीटरचं, वजन 28 किलोच्या आसपास. त्यावर जोर येतो जवळजवळ दीडशे किलोचा! म्हणून स्टँड गॅल्व्हनाइज्ड हवा आणि त्याचे पाय काँक्रीटमध्ये पक्के हवेत. पत्र्यावर नुसते स्क्रू मारून चालणार नाही.

तिसरी गोष्ट कोणी सांगतच नाही. साधं ऑन-ग्रिड सोलर वीज गेली की स्वतःही बंद पडतं, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसता कामा नये. म्हणजे वादळात पंप बंदच! मामाचा चेहरा उतरला. त्यावर उपाय म्हणजे हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. एक हॉर्सपॉवरचा पंप अर्धा तास चालवायला पाऊण युनिटही लागत नाही. पण सुरू होताना तो कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून इन्व्हर्टर त्या हिशोबाने घ्यायचा.

पॅनेलची निवड शेवटी. तापलेल्या गच्चीवर पॅनेल 60 अंशांपर्यंत जातं आणि दहा टक्क्यांहून जास्त वीज घटते. त्यामुळे तापमानाचा गुणांक कमी असलेलं पॅनेल घ्या आणि खालून वारा खेळेल इतक्या उंचीवर बसवा. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी देशी बनावटीचेच सेल लागतात.

मीटिंगमध्ये खर्चावरून वाद झाला. शेवटी आजीच म्हणाली, "बिल कमी नाही झालं तरी चालेल, पण पोराला परत बादल्या वाहायला लावू नका." बॅटरी मंजूर झाली.

आता आपल्या होस्टेलची गच्ची बघायची का? खडू मी आणते!