सार्वजनिक वास्तू आणि उतरणीचे माप

पंचायतघर, शाळा, आरोग्य केंद्र, स्वस्त धान्याचे दुकान, देवळाचा मंडप ह्या वास्तू कोणा एका घराच्या नसून साऱ्या गावाच्या असतात. तथापि ज्या व्यक्तीस पायऱ्या चढता येत नाहीत, तिच्यापुरते ह्यांपैकी बहुतेक वास्तूंचे दार बंदच असते. गोमंतकात पाऊस मुबलक. त्यामुळे पाणी व ओल आत शिरू नये म्हणून आपल्या चिऱ्यांच्या इमारतींचे जोते मुळातच उंच घेतात. मग दाराशी तीन पायऱ्या येतात, क्वचित पाच-सहा. धडधाकट माणसाच्या त्या ध्यानातही राहत नाहीत.

हा विषय गावात काढला की एक उत्तर हमखास मिळते: "पायऱ्या असल्या म्हणून काय झाले? आम्ही चौघे मिळून उचलून नेतो की!" ह्या उत्तरामागील आपुलकी खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु उचलून नेणे म्हणजे प्रवेश नव्हे. ज्याला उचलून न्यावे लागते, त्याला ग्रामसभेस जाण्यापूर्वी चार जणांची सवड पाहावी लागते. सभेत त्या चौघांपैकी एखाद्याच्या विरुद्ध बोलण्याचा प्रसंग आला, तर परत खाली कोण उतरवील, हा विचार मनात डोकावतो. सभा लांबली आणि शौचालयास जावे लागले तर काय, ह्या धास्तीने सकाळपासून पाण्याचा घोट न घेणारी माणसे असतात. स्त्रियांची अडचण ह्याहून मोठी. परपुरुषांनी उचलणे त्यांना संकोचाचे वाटते, म्हणून त्या घरीच राहतात, आणि मग "कोणी येतच नाही, तर उतरण बांधायची कोणासाठी?" असे आपणच विचारतो.

कायद्याने ह्या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयक कायद्यात अशा सोयींचा उल्लेख होता, पण शासनाच्या 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' त्या कराव्यात अशी पुस्ती त्यास जोडलेली होती आणि तिच्या आडोशाने पुष्कळ कामे राहून गेली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही पळवाट ठेवलेली नाही. त्याच्या कलम ४४ अन्वये, ठरविलेली मानके पाळल्याखेरीज इमारतीस काम पूर्ण झाल्याचा दाखला देता येत नाही. कलम ४५ अन्वये जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच सरली. आरोग्य केंद्रे, शाळा व बसथांबे ह्यांसाठी कृती आराखडा करण्याची जबाबदारी त्याच कलमाने स्थानिक संस्थांवरही टाकली आहे. अनेकांस ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट अशी की, 'सार्वजनिक इमारत' ह्या संज्ञेत लोकांच्या वापरातील खाजगी इमारती, तसेच धार्मिक व सांस्कृतिक कार्याच्या इमारतीही येतात. देवालयाचा मंडप वा सभागृह ह्यातून सुटत नाही.

तरीही नियमांची भाषा बंधन घालणारी नसून शिफारशीची आहे, असा तंटा उरलाच होता. राजीव रतुरी ह्यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने नियम १५ मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि सक्तीची किमान मानके निश्चित करण्याचा आदेश केंद्र शासनास दिला.

आता मुख्य पाठाकडे वळू. उतरण, म्हणजे ज्यास आपण रॅम्प म्हणतो ती, नुसती असून भागत नाही. ती मापात असावी लागते. प्रमाण १ : १२ असे आहे. जोत्याची उंची जितकी, तिच्या किमान बारापट उतरणीची लांबी. प्रत्येकी १५ सें. मी. च्या तीन पायऱ्या असतील, तर उंची ४५ सें. मी. झाली. तिला बाराने गुणता ५४० सें. मी., म्हणजे ५.४ मीटर लांबी हवी. पुष्कळ ठिकाणी काय दिसते? पायऱ्यांवरच सिमेंट ओतून दीड मीटरची घसरगुंडी केलेली असते. तिचे प्रमाण १ : ३.३ पडते. अशा उतारावर स्वतःच्या हाताने चाकाची खुर्ची चढविणे अशक्य, आणि उतरताना ती पुढे कलंडण्याचा धोका. ह्यापेक्षा पायऱ्या बऱ्या. त्या निदान फसवीत तरी नाहीत.

अंगण आखूड असल्यास उतरण मध्ये वळवावी. वरील उदाहरणात २.७ मीटरचे दोन टप्पे करून त्यांच्यामध्ये खुर्ची वळेल अशी दीड मीटरची सपाट जागा ठेवली, की काम होते. तशीच सपाट जागा दारापुढे व तळाशीही हवी, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे घरंगळते. रुंदी १.२ मीटरहून कमी नसावी. दोन्ही बाजूंस धरावयास कठडा आणि चाक घसरू नये म्हणून कडेला उंचवटा असावा. जोते ४५ सें. मी. हून पुष्कळ उंच असेल, तर चढ १ : १२ पेक्षाही सौम्य घ्यावा.

आपल्या हवामानात पृष्ठभागाकडे विशेष लक्ष हवे. गुळगुळीत लादी आषाढात साबणासारखी होते, आणि चिऱ्यावर तर पहिल्या सरींनंतर शेवाळ धरू लागते. म्हणून काँक्रीट खरखरीत ठेवून त्यावर आडव्या रेघा ओढाव्यात, आणि पावसाळ्यात ते अधूनमधून घासून घ्यावे. उतरणीवर दुचाक्या उभ्या करू नयेत, हे लिहिण्याची वेळ येऊ नये, पण येते.

शौचालयाच्या दाराची मोकळी रुंदी ९० सें. मी. हवी. दार बाहेर उघडावे, आत खुर्ची फिरण्यास दीड मीटर व्यासाची जागा असावी आणि भांड्याशेजारी भिंतीत पक्की दांडी बसवावी. अंध व्यक्तींसाठी वाटेत डोक्याशी येणारे फलक व उघडी गटारे नसावीत. कर्णबधिरांसाठी सभेचे विषय व ठराव फळ्यावर लिहावेत. ह्यास खडूपलीकडे खर्च नाही.

पणजीस जानेवारी २०२३ मध्ये पहिला 'पर्पल फेस्ट' भरला, तेव्हा ह्या विषयाची चर्चा राज्यभर झाली. खेड्यातील पंचायतघराची मोजणी मात्र गावानेच करावयाची आहे. शिक्षकांनी ती आठवी-नववीच्या मुलांकडून गणिताच्या तासाला करून घ्यावी. पाणसळ गावातील कोणाही गवंड्याकडे मिळेल. जोत्याची उंची आणि उतरणीची आडवी लांबी मोजून भागाकार करावा. उत्तर बाराहून कमी आले, तर उतरण सदोष समजावी. मोजताना चाकाची खुर्ची वा कुबड्या वापरणाऱ्या गावातीलच व्यक्तीस बरोबर घ्यावे, कारण उंबरठ्याचा दोन बोटांचा उंचवटा टेपेपेक्षा तिला आधी कळतो.

मापांचा हा तक्ता ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करून घ्यावा व त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावी. दाद न लागल्यास राज्याच्या दिव्यांग व्यक्ती आयुक्तांकडे अर्ज करता येतो. अधिनियमाने त्यांना चौकशीसाठी साक्षीदार बोलाविण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. अर्जात इमारतीचे नाव, पायऱ्यांची संख्या, जोत्याची उंची, उतरण असल्यास तिची लांबी आणि मोजणीची तारीख लिहावी.