पालकगटाला जायचं, तर खर्च किती?

ऑटिझमच्या पालकगटाची वर्गणी विचारायला फोन केला की पलीकडून बहुधा उत्तर येतं, ‘आधी या तर खरं, वर्गणीचं नंतर बघू.’ पालकांनीच चालवलेल्या गटांत पैसे सहसा नाममात्र असतात. हॉलचं भाडं आणि चहा निघाला की झालं. खरा खर्च सुरू होतो तो घराला कुलूप लावताना.

आमचाच हिशेब सांगते. हॉल सहा किलोमीटरवर. गर्दीची बस मुलाला सोसत नाही, म्हणून रिक्षा. मुंबईत २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला साधारण १७. एका बाजूचे १०३ होतात. महिन्यातून एक फेरी धरली तर वर्षाचे अडीच हजारांच्या आसपास. त्यात शनिवारची बुडालेली स्पीच थेरपी धरा, ह्यांची अर्धी रजा धरा. मुलाला घरी ठेवायचं तर त्याला ओळखणारं, त्याच्या खाणाखुणा कळणारं माणूस हवं. ते पैसे देऊनही मिळत नाही, आणि कितीतरी आया तिथेच अडतात. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: मुलांना आणलं तर चालतं का, आणि त्यांच्याकडे कोण बघतं?

जागेबद्दलही विचारा. पहिल्यांदा गेलो तेव्हा माईकने शिट्टी मारली आणि माझा मुलगा कानांवर हात दाबून जिन्यात पळाला. चाळीस मिनिटं आम्ही दोघं पायरीवर बसून होतो. एक आजी आल्या, काही न विचारता दोन पायऱ्या खाली टेकल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “आमचा नातूपण आधी इथेच बसायचा.” गेल्या तीन वर्षांत ज्याला मुलाबद्दल काहीच समजावून सांगावं लागलं नाही, असं ते पहिलं माणूस.

त्याच जिन्यात एका बाबांनी विचारलं, “ताई, दिव्यांग प्रमाणपत्र काढलंत ना? मग आयकरात वजावट घेता का?” आम्ही घेतलीच नव्हती. जुन्या करप्रणालीत अवलंबित दिव्यांगासाठी ७५ हजारांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. २० टक्क्यांच्या टप्प्यात ७५ हजारांवर वर्षाला १५,६०० रुपये वाचतात. तीन वर्षं ते आम्ही भरत राहिलो. निरामय विमाही तिथेच कळला: एक लाखापर्यंतचं संरक्षण, त्यात थेरपीसुद्धा. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडिलांनाही कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, हेही. माहिती म्हणून हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. पण कोणत्या खिडकीवर कुठली झेरॉक्स मागतात, हे जाऊन आलेलं माणूसच सांगतं.

एका गटातून मात्र मी बाहेर पडले. तिथे दर बैठकीला कुणीतरी उपचार विकत होतं, कधी तेल, कधी आहाराचं पॅकेज, एकदा तर स्टेमसेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्टेमसेल उपचारांना मान्यता आहे ती प्रामुख्याने रक्ताच्या काही विकारांसाठी. ऑटिझम त्यात नाही. थकलेल्या आईबापांच्या आशेवर पैसे काढणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. असं विक्रीचं टेबल दिसलं तर चहासाठीही थांबू नका.

निदान नुकतंच झालं असेल तर पहिल्यांदा मुलाला न घेता, दोघांपैकी एकानेच जावं. मोठ्या मुलांच्या गोष्टी ऐकून काहींना धीर येतो, काहींची झोप उडते. आपलं काय होतंय ते आधी बघावं. वार्षिक वर्गणी तिसऱ्या भेटीनंतर भरा आणि पावती मागा. मुलाला नेणार असाल तर हेडफोन, रोजचा डबा आणि त्याची सवयीची चादर सोबत घ्या, वीस मिनिटं आधी पोचा, आणि रिकाम्या हॉलमध्ये त्याला स्वतःची जागा शोधू द्या. आमच्याने मागच्या खिडकीखालची निवडली आहे.