उसाला पचते ते कांद्याला का पचत नाही?



खुरपणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून लागणीनंतर अ‍ॅट्राझिनचा फवारा देण्याची पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. तण मेले, ऊस वाचला, की आपले काम झाले. पण ऊस वाचतो कसा, आणि एखाद्या साली तोच ऊस फवाऱ्यानंतर पिवळा का पडतो, हे समजून घेतले तर पुढचे नुकसान टळते. म्हणून हा विषय आम्ही येथे घेत आहोत.

अ‍ॅट्राझिन उसात शिरतच नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. माठ, घोळ, गाजरगवत यांच्या मुळांतून ते जसे वर चढते, तसेच उसातही चढते. पानात गेल्यावर ते उन्हापासून अन्न तयार करण्याचे काम बंद पाडते. न वापरलेल्या प्रकाशामुळे पेशीत प्राणवायूची जहाल रूपे तयार होतात आणि पान करपते. तण असेच मरते.

ऊस मात्र हे विष निकामी करतो. त्याच्या पेशीत ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो. एक विकर, म्हणजे एन्झाइम, हा पदार्थ अ‍ॅट्राझिनला जोडून देतो. जोड बसली की विषाचा जोर संपतो. झाडाला जनावरासारखे मूत्रपिंड नाही, विष बाहेर टाकायची सोय नाही. म्हणून हा निकामी माल पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याच्या पिशवीत, नेऊन कोंडला जातो. मका आणि ज्वारीही हेच करतात. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील फार्गो येथील शास्त्रज्ञांनी ही रीत उलगडून दाखवली.

आता कोणी विचारील, कांद्यात तर गंधक भरपूर, आणि ग्लुटाथायोनलाही गंधक लागतेच. मग कांदा का जळतो? कारण नुसता माल असून भागत नाही, जोडणारा कारागीर हवा. अ‍ॅट्राझिन ओळखून झटपट जोडणारे विकर उसात पुरेसे आहे, कांद्यात नाही. म्हणून उसात कांद्याचे आंतरपीक घ्यायचे असेल तर तेथे अ‍ॅट्राझिन चालणार नाही. आपल्या चुनखडीच्या, चोपण जमिनीत ते जास्त दिवस टिकते, हेही पुढचे पीक ठरवताना लक्षात ठेवावे.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. ग्लुटाथायोनला आणखी एक काम असते. पाण्याचा ताण, साचलेले पाणी, खारवट जमीन, कडाक्याची थंडी, यांपैकी काहीही झाले की उसाच्या पेशीत तीच प्राणवायूची जहाल रूपे आपोआप वाढतात. ती निवळण्यासाठीही ग्लुटाथायोनच खर्ची पडते. त्यात थंडीने विकरांचे काम मंदावते. निफाडकडे हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, हे आपण जाणतोच. अशा वेळी वर तणनाशक पडले, तर ऊस एकाच वेळी दोन ओझी वाहतो. परदेशात थंड, ओल्या हवेत अ‍ॅट्राझिनने मक्यालाही इजा झाल्याचे आढळले आहे. तेव्हा ऊस पिवळा पडला की लगेच औषधाला दोष देऊ नये. फवारताना पीक कोणत्या अवस्थेत होते, हे आधी आठवावे.

चांदवेल व रुंद पानाच्या तणांसाठी काहीजण २,४-डी वापरतात. गवतवर्गातली पिके याचे रूप बदलून त्याला साखरेची जोड देतात आणि ते पचवतात. द्राक्षवेलीला ते जमत नाही. निफाड-दिंडोरीत उसाच्या बांधाला बांध लागून द्राक्षबाग असते. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत कोवळी फूट असते आणि नेमका त्याच सुमारास पूर्वहंगामी उसात फवारा चालतो. वाऱ्याबरोबर गेलेले थोडेसे औषधही पाने पंख्यासारखी आकसून टाकते आणि घड बिघडवते. यातल्या एस्टर प्रकाराची तर वाफही उडून लांब जाते. शेजाऱ्याचे वर्षाचे उत्पन्न गेले तर ते भरून कोण देणार?

सभासदांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) ऊस सुकलेला, पाण्यात उभा किंवा थंडीने आखडलेला असेल तर फवारा पुढे ढकलावा. आधी पाणी द्यावे किंवा चर काढून निचरा करावा.

२) अ‍ॅट्राझिन जमिनीत ओल असताना, तण उगवण्यापूर्वी द्यावे. मात्रा पुड्यावर लिहिल्याप्रमाणेच असावी. ५० टक्के पावडर २ किलो म्हणजे खरे औषध १ किलो, हा हिशेब चुकू नये.

३) आंतरपीक असलेल्या उसात खुरपणीच करावी, किंवा दोन्ही पिकांना चालणारे औषध विचारून घ्यावे.

४) बागेशेजारी २,४-डी वापरूच नये.

५) तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. त्याच पंपाने बागेवर फवारणी करू नये.

ऊस सोशीक पीक आहे खरे, पण त्याच्या सोशीकपणालाही मर्यादा आहे. ती ओळखून औषध वापरले तर खर्च वाचेल, ऊस साधेल आणि बांधाशेजारच्याशी भांडणही होणार नाही.