गोड लागलं, पण साखर नव्हती

वैशाखातली संकष्टी होती. सासूबाई सकाळच्या एसटीनं कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेल्या. वय 68, मधुमेह बारा वर्षांचा. सकाळची गोळी त्यांनी न चुकता घेतली होती, पण उपवास म्हणून पोटात फक्त बिनसाखरेचा चहा आणि मूठभर शेंगदाणे. दुपारी दीडला परतल्या तेव्हा यवतमाळचं ऊन डोक्यावर आग ओतत होतं. लुगडं घामानं भिजलेलं, हात थरथरत होते.

‘‘मले काही नाही झालं, ऊन लागलं वाटते,’’ म्हणून त्या पलंगावर टेकल्या.

मलाही तेच वाटलं. फ्रिजमधून संत्र्याच्या पेयाची बाटली काढली, ग्लास भरून दिला. त्यांनी तो सगळा प्यायला. ‘‘गोड आहे,’’ एवढंच म्हणाल्या. दहा मिनिटांनी त्यांची जीभ जड झाली आणि समोर उभ्या नातवाला त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या नावानं हाक मारली. सासरे जाऊन सहा वर्षं झालीत.

मी दुसरा ग्लास भरत होते.

शेजारच्या निवृत्त सिस्टर आरडाओरडा ऐकून आल्या त्या हातात साखर मोजायचं यंत्र घेऊनच. आकडा आला 48. सत्तरच्या खाली आला की रक्तातली साखर कमी झाली असं समजतात. त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, फिरवून मागची बाजू वाचली आणि म्हणाल्या, ‘‘हे कायले पाजून राहिल्या? यात साखर कुठं आहे?’’

साखर घरातच नव्हती. वर्षभरापूर्वी आम्ही ठरवून बंद केली होती. सासूबाईंना मधुमेह, नवऱ्याचं वजन वाढलेलं, मुलाचे दात किडायला लागलेले. चहा बिनसाखरेचा, आणि मुलाच्या हट्टापायी फ्रिजमध्ये ‘झिरो शुगर’ लिहिलेल्या बाटल्या. घर सुधारलं याचा मला अभिमान होता. त्या दुपारी साखर सिस्टरांच्या घरून आली. तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून त्यांनी हळूहळू पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा 76 झाला, सासूबाईंनी नातवाला बरोबर नावानं हाक मारली. मग उपवास मोडून त्यांना दूधभात खाऊ घातला आणि लगेच डॉक्टरांकडे नेलं. त्यांची गोळी ग्लिमेपिराइडची. अशा गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, म्हणून एकदा वर आलेली साखर पुन्हा उतरू शकते. नुसतं बरं वाटलं म्हणून घरी थांबायचं नसतं.

हे सगळं सविस्तर सांगते आहे, कारण चूक नुसत्या अज्ञानातून झाली नव्हती. काळजीतून झाली होती. आणि अशी काळजी आज घरोघरी आहे.

गोड लागणं आणि साखर मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं. सॅकरीनचा शोध 1879 चा, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला. सॅकरीन साखरेच्या काही शे पट गोड, पण शरीर ते पचवत नाही, ते लघवीवाटे जसंच्या तसं निघून जातं. अ‍ॅस्पार्टेम 1965 मध्ये सापडलं, साखरेच्या सुमारे 200 पट गोड. सुक्रालोज 1976 मधलं, सुमारे 600 पट. एवढी गोडी असली की बाटलीभर पेयाला चिमूटभरही पुरते. जीभ फसते, रक्त फसत नाही. इतर वेळी मधुमेह्याला हाच त्याचा फायदा. पण साखर उतरलेली असताना तेच पेय म्हणजे रंगीत पाणी.

आपल्या लहानपणी बर्फाच्या गोळ्यावर पडणारा लालभडक रस आणि प्लास्टिकच्या नळीतली ‘पेप्सी’ आठवते? खाऊन झाल्यावर जिभेच्या मुळाशी कडसर चव रेंगाळायची, ती सॅकरीनची. म्हणजे कृत्रिम गोडी आपल्याकडे नवी नाही. नवं आहे ते तिचं आरोग्याच्या वेशात घरच्या फ्रिजमध्ये येणं.

साखर कमी करण्याच्या भरात अशी गल्लत मोठ्या प्रमाणावरही होऊ शकते. ब्रिटनमध्ये ल्युकोझेड नावाचं ग्लुकोजचं पेय आहे. इन्सुलिन घेणारी अनेक माणसं साखर उतरली की तेच प्यायची, किती प्यायचं ते माप त्यांना पाठ होतं. एप्रिल 2018 पासून तिथं साखरेच्या पेयांवर कर लागणार होता. त्याआधीच, 2017 मध्ये, कंपनीनं 100 मिलीतली साखर देणारी कर्बोदकं 17 ग्रॅमवरून 9 ग्रॅमच्या आसपास आणली आणि उरलेली गोडी कृत्रिम पदार्थांनी भरून काढली. नाव तेच, चव जवळपास तीच, पण जुन्या मापानं प्यायलं तर निम्मीच साखर पोटात जाणार. तिथल्या मधुमेह संस्थांना रुग्णांना सावध करावं लागलं. आपल्याकडचं बाटलीवरचं नावही असंच विश्वासानं वाचलं जातं, मागचा बारीक मजकूर कोणी वाचत नाही.

तो मजकूर कसा वाचायचा, ते मी नंतर शिकले. भारतीय नियमांप्रमाणे ‘शुगर फ्री’ म्हणवणाऱ्या पेयात 100 मिलीला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. ‘लो शुगर’मध्ये अडीच ग्रॅमपर्यंत चालते. साखर उतरलेल्या माणसाला तातडीनं साधारण 15 ग्रॅम लागते, म्हणजे असं लो शुगर पेय 600 मिली प्यावं लागेल. थरथरत्या माणसाला एवढं कोण पाजणार? साखर घातलेल्या साध्या कोलात 100 मिलीला दहा-अकरा ग्रॅम असते, तिथं छोटा पेलाभर पुरतो. घटकांच्या यादीत 950, 951, 954, 955, 960 यांपैकी आकडा दिसला की कृत्रिम किंवा बिनउष्मांकी गोडी आहे असं समजा: अनुक्रमे एसेसल्फेम, अ‍ॅस्पार्टेम, सॅकरीन, सुक्रालोज आणि स्टीव्हियातला अर्क. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसालाही आकडे वाचता येतात, म्हणून मी आकडेच पाठ केले.

फ्रिजमधल्या त्याच बाटलीवर आणखी एक ओळ होती, इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. ‘नॉट रेकमेंडेड फॉर चिल्ड्रन’. लहान मुलांसाठी शिफारस नाही. माझा सात वर्षांचा मुलगा वर्षभर ते पेय रोज पीत होता. त्याला काही झालं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. घाबरवायचं नाही. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अ‍ॅस्पार्टेमला ‘कर्करोगाची शक्यता’ असलेल्या गटात टाकलं, तेव्हा मोबाइलवर किती भयंकर संदेश फिरले! पण त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं रोजची सुरक्षित मर्यादा आधीचीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील. मात्र हिशेब किलोमागे आहे आणि मुलाचं वजन वीस-बावीस किलो, हेही आईनं ध्यानात ठेवावं. फेनिलकिटोन्युरिया हा दुर्मीळ आजार असलेल्या मुलाला तर अ‍ॅस्पार्टेम अजिबात चालत नाही.

मला जास्त खुपली ती दुसरी गोष्ट. मे 2023 मध्ये याच आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीवर विसंबू नका. ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही. पण माझ्या मुलाला आणि नवऱ्याला होती. साखर सोडली तरी गोडाची सवय घरात तशीच राहिली होती. मुलगा ताकाला ‘आंबट’ म्हणून नाक मुरडायचा, साधं पाणी मागायचाच नाही.

आता बाटल्या बंद आहेत. अंबाडीचं सरबत, कैरीचं पन्हं, ताक हेच चालतं, आणि पन्ह्यात खरी साखर घालते, पण दर आठवड्याला थोडी कमी करत आणली. एकदम कमी केली असती तर मुलानं पेला ढकलला असता. दीड महिन्यात निम्मी झाली, त्याला कळलंही नाही. सासूबाईंचा पेला वेगळा, मिठाच्या ताकाचा.

साखरेला शत्रू ठरवताना दोन प्रसंगी ती औषध असते, हे विसरू नका. एक सांगितला. दुसरा जुलाबाचा. आतड्यात मीठ आणि पाणी शोषायला ग्लुकोज सोबत लागतं. 1971 च्या बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, त्यामागचं शास्त्र हेच. कृत्रिम गोडी ते काम करत नाही. जुलाब लागलेल्या लेकराला ‘झिरो’ पेय देऊ नका. ओआरएसचं पाकीट द्या. ते नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

घरात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारं कोणी असेल, तर उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारा. घाम, थरथर, बडबड, चिडचिड दिसली की ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नका, आधी साखर मोजा. यंत्र नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, तीन चमचे साखरेचं पाणी पाजा. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन लावा.

सासूबाई अजूनही संकष्टीला कळंबला जातात. डॉक्टरांनी त्या दिवसाची गोळी बदलून दिली आहे. त्यांच्या कापडी पिशवीत फुलं आणि नारळासोबत साखरेच्या चार पुड्या असतात, प्रत्येकीत तीन चमचे. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पिशवीतही आजच टाका.